तांबे आणि त्याचे सोबती : रेणूतील नेमका बंध निवडण्याची विद्या

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात, वारासिवनी तहसिलीत, चंदन नदीच्या काठी रामपायली हे गाव वसलेले आहे. नदीकाठच्या जुन्या राममंदिरामुळे हे गाव केवळ पंचक्रोशीतच नव्हे, तर लगतच्या गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतही सुपरिचित आहे. १९५६ पूर्वी हा मुलूख आणि नागपूर एकाच राज्यात मोडत असत. पुढे राज्यांच्या सीमा बदलल्या. परंतु धानाची शेती, सोयरिकी आणि बाजारहाट यांनी त्या सीमा कधी फारशा मनावर घेतल्या नाहीत. या साऱ्या भागात तांब्या-पितळेच्या भांड्यांना मानाचे स्थान आहे. भंडारा शहराची तर पितळी भांड्यांसाठी ख्यातीच आहे. देवघरातील पळी-पंचपात्रीपासून पाण्याच्या घागरीपर्यंत तांबे हा येथील घराघरांतला धातू होय.

योगायोगाची गोष्ट अशी की, याच बालाघाट जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, मलाजखंड येथे, तांब्याच्या खनिजाचा फार मोठा साठा आहे. हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीचा प्रकल्प १९८२ मध्ये तेथे कार्यान्वित झाला आणि देशातील तांब्याची सर्वांत मोठी उघडी खाण म्हणून तिची ओळख झाली. पुढे उघड्या खड्ड्याच्या तळाखाली भूमिगत खाणकामही हाती घेण्यात आले. खाणीतून निघणाऱ्या दगडात तांब्याचे प्रमाण शंभरात एखाद्या भागाच्या आसपास असते. ते दळून, वेगळे करून, वितळवून आणि शुद्ध करून मग तांब्याची तार व पत्रा तयार होतो. तांब्याचा एवढा उपयोग सर्वांना ठाऊक असतो. परंतु गेल्या काही दशकांत रसायनशास्त्रज्ञांनी तांब्याकडून एक निराळेच काम करवून घेण्यास आरंभ केला आहे. रेणूमधील असंख्य एकसारख्या बंधांपैकी नेमका हवा तोच बंध उघडणे आणि बाकीच्यांना धक्का न लावणे, हे ते काम. ते तांबे एकट्याने करू शकत नाही. त्यासाठी त्याला योग्य सोबती द्यावे लागतात. हे सोबती कोण, आणि सोबती बदलला की कामाचा निकाल का बदलतो, याची माहिती येथे देण्यात येत आहे.

चिंच, मोरचूद आणि मीठ

तांब्याची काळवंडलेली घागर चिंचेने घासली की लख्ख होते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. या साध्या कृतीत रसायनशास्त्राचे एक महत्त्वाचे तत्त्व दडलेले आहे. चिंचेत टार्टारिक अम्ल असते. घागरीवर साचलेला ऑक्साइडचा थर अम्लात विरघळतो आणि सुटा झालेला तांब्याचा कण अम्लाच्या रेणूच्या मिठीत सापडून पाण्याबरोबर वाहून जातो. धातूच्या अणूला अशी मिठी मारणाऱ्या अणूस, रेणूस अथवा विद्युत्भारित कणास रसायनशास्त्रात ‘लिगंड’ असे म्हणतात. ‘बांधणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूवरून हा शब्द आला आहे. या लेखात सोयीसाठी त्यास काही ठिकाणी ‘सोबती’ असे म्हटले आहे.

माध्यमिक शाळेतील शिक्षकांना फेलिंगचे द्रावण परिचित असेलच. १८४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कृतीत मोरचुदाबरोबर टार्टारिक अम्लाचा क्षार का घालावा लागतो, हा प्रश्न विद्यार्थी सहसा विचारीत नाहीत, आणि पाठ्यपुस्तकेही त्याचे उत्तर देण्याच्या भरीस पडत नाहीत. तो क्षार घातला नाही तर अल्कधर्मी पाण्यात तांबे निळसर गाळ होऊन खाली बसेल. चिंचेतील तोच सोबती येथे तांब्याला पाण्यात तरंगत ठेवतो.

सोबती बदलला की तांब्याचे स्वरूप कसे पालटते, हे वर्गात सहज दाखविता येण्यासारखे आहे. मोरचुदाचा निळा खडा परीक्षानळीत चांगला तापविला की त्यातील पाणी निघून जाते व पांढरी भुकटी उरते. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाकताच निळा रंग परत येतो. निळाई तांब्याची एकट्याची नसून, तांबे आणि त्याला बिलगलेले पाण्याचे रेणू यांची मिळून आहे, हे यावरून ध्यानात येते. मोरचुदाच्या पातळ द्रावणात भरपूर मीठ विरघळविले तर ते हिरवट होते. कारण पाण्याच्या काही रेणूंची जागा मिठातील क्लोराइड घेते. अमोनियाचे पाणी घातले तर आरंभी फिकट गाळ येतो आणि आणखी घालताच तो विरघळून गर्द निळा रंग खुलतो. धातू तोच, केवळ शेजार बदलला. मोरचूद विषारी असल्याने या प्रयोगासाठी स्वयंपाकातील भांडी वापरू नयेत आणि अमोनियाची बाटली उघड्या खिडकीजवळच उघडावी, हे येथे सांगून ठेवणे अगत्याचे आहे.

धातूच्या भोवती सोबती ठराविक संख्येने व ठराविक दिशांना बसतात, हा सिद्धांत आल्फ्रेड वेर्नर या शास्त्रज्ञाने १८९३ मध्ये मांडला आणि त्याबद्दल त्याला १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आरंभी तो पुष्कळांना केवळ कल्पनाविलास वाटला होता. आज त्यावाचून या शास्त्राचे एक पाऊलही पुढे पडत नाही.

चौदा दारांचे घर

आता ज्या बंधाबद्दल हे विवेचन आहे त्याकडे वळू. तेल, तूप, साखर, कापूस, लाकूड, पेट्रोल, औषधे या साऱ्यांच्या रेणूंत कार्बनच्या अणूंचा सांगाडा असतो आणि त्या सांगाड्यावर हायड्रोजनचे अणू सर्वत्र चिकटलेले असतात. कार्बन आणि हायड्रोजन यांच्यामधील हा बंध निसर्गातील अतिशय सर्वसामान्य बंध आहे आणि त्याचबरोबर अतिशय चिवटही आहे. मिथेन वायूतील असा एक बंध तोडण्यास, रसायनशास्त्रज्ञांच्या मापाने, एका मोलमागे सुमारे १०५ किलोकॅलरी ऊर्जा लागते. कार्बनच्या साखळीच्या मध्यावरील बंध त्याहून थोडे कमजोर असतात, तर बेंझिनच्या वलयाला लागून असलेल्या कार्बनवरील बंध ९० च्या आसपास तुटतात.

हेक्झेन या साध्या द्रवाचे उदाहरण घेऊ. त्याच्या रेणूत सहा कार्बन आणि चौदा हायड्रोजन असतात. हे जणू चौदा दारांचे घर. सहा दारे दोन टोकांना आणि आठ मधल्या भागात. साऱ्यांची घडण जवळजवळ सारखी. यांपैकी एकच ठराविक दार उघडावयाचे आहे, असे ठरविले तर सामान्य रसायनांचा उपयोग नाही. ती एक तर कोणतेच दार उघडीत नाहीत, किंवा उघडू लागली की दिसेल ते दार उघडीत सुटतात. जाळणे ही त्याची परिसीमा होय. चुलीतील लाकूड जळते तेव्हा त्यातील कार्बन-हायड्रोजनचे सारेच बंध तुटतात. राख, वाफ आणि कार्बन डायऑक्साइड वायू यांवाचून मागे काही उरत नाही. कोलेस्टेरॉलसारख्या रेणूत तर असे ४५ बंध आहेत. तेथे चुकीचे दार उघडले तर औषधाऐवजी निरुपयोगी, कदाचित अपायकारक पदार्थ हाती येतो.

धानाच्या बांधीत रोवणीनंतर निंदण करणाऱ्या बाईला रानधानाचे रोप आणि खरे धान यांतील फरक नजरेने कळतो. पानांच्या ठेवणीतला तो लहानसा फरक न ओळखता कोणी हात चालवू लागला, तर पीक उपटले जाऊन तण मागे राहील. रसायनशास्त्रात या ओळखीच्या सामर्थ्यालाच ‘निवडकता’ असे म्हणतात. आणि सोबत्यांविना असलेल्या तांब्याला ती नजर फारशी नसते.

खराश यांची विक्रिया

तांब्याच्या साह्याने कार्बन-हायड्रोजन बंधावर नेमके काम करण्याचा एक प्रसिद्ध मार्ग अमेरिकेतील शिकागो विद्यापीठात मॉरिस खराश आणि जॉर्ज सोस्नोव्स्की यांनी शोधला. त्यांचा निबंध १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच, १९५७ मध्ये, खराश यांचे निधन झालेले होते. सायक्लोहेक्झीन हा सहा कार्बनांचे वलय व त्यात एक दुहेरी बंध असलेला द्रव, एक पेरॉक्साइड आणि थोडासा तांब्याचा क्षार एकत्र तापविला असता, दुहेरी बंधाच्या अगदी शेजारच्या कार्बनवरील हायड्रोजन निघून तेथे ऑक्सिजनयुक्त गट बसतो, असे त्यांना आढळले.

या विक्रियेची अंतर्गत घडामोड समजून घेणे आवश्यक आहे. कारण लिगंडचे कर्तृत्व कोठे आहे आणि कोठे नाही, हे तिच्यातूनच उमगते. प्रथम तांबे आपला एक इलेक्ट्रॉन पेरॉक्साइडला देते. पेरॉक्साइडचे दोन तुकडे होतात. एक तुकडा तांब्यापाशी राहतो. दुसरा ‘मुक्त मूलक’ होऊन मोकाट सुटतो आणि जवळच्या रेणूतील हायड्रोजन हिसकावून घेतो. साहजिकच त्याचा हात सर्वांत कमजोर बंधावर पडतो. ज्या रेणूचा हायड्रोजन गेला तो आता अपुरा राहतो, तांब्यापाशी येतो, आणि तांब्यावर बसलेला गट त्याला मिळून पदार्थ पुरा होतो. तांबे मूळ स्थितीला परतून पुढच्या रेणूसाठी मोकळे होते. स्वतः खर्ची न पडता विक्रिया घडवून आणणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात, हे वाचकांस ठाऊक असेल.

म्हणजे येथे दोन निरनिराळे निर्णय आहेत. हायड्रोजन कोठला काढावयाचा हा पहिला. त्या जागी नवा गट कोणत्या अंगाने बसवावयाचा हा दुसरा. पहिला निर्णय मोकाट मूलकाने घेतला. त्या वेळी तो तांब्यापासून दूर होता, आणि म्हणून तांब्याच्या सोबत्यांना त्यात बोलण्यास वाव नव्हता. दुसरा निर्णय मात्र तांब्याच्या दारातच होतो. लिगंड सर्व काही ठरवितो, असे विधान पुष्कळदा सरसकट केले जाते ते म्हणूनच अपुरे आहे. लिगंड जेथे उपस्थित आहे तेवढ्याच पायरीवर त्याची सत्ता चालते.

दुसऱ्या निर्णयाचे महत्त्व औषधांच्या बाबतीत फार मोठे आहे. उजवा हात आणि डावा हात दिसावयास सारखेच. पण उजव्या हाताचा मोजा डाव्या हातात नीट बसत नाही. पुष्कळ रेणूंचेही असेच दोन प्रकार असतात, आणि आपले शरीर त्यांपैकी एकालाच ओळखते. नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक औषध केवळ एका हाताच्या रेणूचे बनवून विकले जाते, ते याच कारणामुळे. खराश यांच्या मूळ विक्रियेत दोन्ही हातांचे रेणू निम्मेनिम्मे तयार होत.

१९९५ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी तांब्याला ‘बिसऑक्झॅझोलीन’ नावाचे लिगंड जोडून पाहिले. नाव अवघड असले तरी वस्तू समजण्यास कठीण नाही. डाळी व कडधान्ये यांतील प्रथिनांत जी अमिनो अम्ले असतात त्यांच्यापासून हे लिगंड तयार करता येतात. निसर्गातील अमिनो अम्ले बहुतांशी एकाच हाताची असल्याने लिगंडही एकाच हाताचे होतात. नायट्रोजनच्या दोन अणूंनी ते तांब्याला दोन्ही बाजूंनी धरतात आणि तांब्याच्या समोरच्या जागेचे दोन कोपरे अडवून दोन मोकळे ठेवतात. येणारा रेणू मग मोकळ्या कोपऱ्यातूनच आत शिरतो. परिणामी एका हाताचा पदार्थ पुष्कळ अधिक प्रमाणात मिळू लागला. या आरंभीच्या विक्रिया अतिशय मंद होत्या. दिवसचे दिवस वाट पाहावी लागे. परंतु वाट सापडली होती.

त्या वाटेवरील मोठा टप्पा २०१६ मध्ये गाठला गेला. चीनमधील शांघाय येथील गुओशेंग लियू आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे शॅनन स्टाल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह, बेंझिनच्या वलयालगतच्या कार्बनवरील हायड्रोजन काढून तेथे सायनाइडचा गट एकाच हाताने बसविण्याची रीत प्रसिद्ध केली. सोबती पुन्हा बिसऑक्झॅझोलीनच्याच कुळातला होता. सायनाइड हा शब्द वाचून दचकण्याचे कारण नाही. कार्बनला पक्का जोडलेला हा गट पुढे अम्लात किंवा अमाइनमध्ये रूपांतरित करता येतो, आणि वर सांगितलेल्या नॅप्रोक्सेनच्या जातीची औषधे अशाच अम्लांच्या गोत्रातील आहेत. पूर्वी जो पदार्थ अनेक पायऱ्यांनी करावा लागे तो स्वस्त हायड्रोकार्बनपासून थेट गाठण्याचा हा मार्ग होता.

मग पहिल्या निर्णयाचे काय? तेथेही लिगंडला शिरकाव मिळाला. लियू यांच्याच गटाने झेनयांग लिन यांच्या सहकार्याने २०१९ मध्ये दाखवून दिले की, हायड्रोजन हिसकावणारा मूलक मोकाट न सोडता तांब्यालाच बांधून ठेवला, तर दुहेरी बंध असलेल्या रेणूंतील अनेक संभाव्य जागांपैकी ठराविक जागेवरच तो हात घालतो. मोकाट बैल आणि वेसण घातलेला बैल यांत जो फरक, तोच येथे आहे. बैलाची ताकद वेसणीने नाहीशी होत नाही. ती कोणत्या तासात चालावयाची एवढेच ठरते.

विंचवाचे तीन अवयव

सर्वच लिगंड दोन हातांनी धरणारे नसतात. १९६६ मध्ये अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीत स्वियातोस्लाव ट्रोफिमेंको यांनी बोरॉनच्या अणूवर नायट्रोजनयुक्त तीन वलये बसवून एक नवा लिगंड तयार केला. त्यातील दोन वलये विंचवाच्या दोन नांग्यांप्रमाणे धातूला दोहो बाजूंनी पकडतात आणि तिसरे वलय, विंचवाने शेपटी वळवून डंख मारावा त्याप्रमाणे, वरून येऊन धातूला टेकते. ट्रोफिमेंको यांनी या लिगंडांचे नावच विंचवावरून ठेवले. शास्त्रज्ञांनी ठेवलेल्या रुक्ष नावांच्या गर्दीत हे नाव लक्षात राहण्यासारखे आहे.

स्पेनमधील ह्युएल्व्हा विद्यापीठातील पेद्रो पेरेझ यांच्या गटाने अशा विंचूरूपी लिगंडांनी घेरलेले तांबे वापरून हेक्झेनसारख्या हट्टी रेणूंतील बंधांत कार्बनचा नवा तुकडा घुसविण्याची कामे केली. येथे मोकाट मूलक नसतो. तांबे तो तुकडा स्वतःच्या हाती धरून ठेवते आणि थेट बंधात सोडते. त्यामुळे विंचवाच्या नांग्यांवर कोणते अणुसमूह बसविले आहेत, यावर पुष्कळ काही अवलंबून राहते. ब्रोमीनसारखे अणू बसविले तर ते तांब्याकडील इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतात; तांबे ‘भुकेले’ होते आणि चिवट बंधांवरही तुटून पडते. अवजड गट बसविले तर तांब्याभोवतीची वाट अरुंद होते, आणि रेणूच्या मध्यावरील व टोकावरील बंध यांच्यातील वाटणी बदलते. म्हणजे लिगंड दोन प्रकारे काम करतो : कुंपण म्हणून आणि भूक वाढविणारा वा कमी करणारा म्हणून. ही दोन्ही कामे एकमेकांपासून वेगळी काढणे प्रत्यक्षात फार कठीण असते, आणि योग्य लिगंड शोधण्यास प्रयोगशाळेत वर्षे का लागतात त्याचे हे एक प्रमुख कारण आहे.

यात तांब्याची जागा चांदीने घेतली तर टोकावरील अधिक चिवट बंधही उघडतात. २०११ मध्ये याच गटाने इतर सहकाऱ्यांसह चांदीच्या साह्याने मिथेनवरही ही विक्रिया घडवून आणली. चांदी-तांब्याची ही भाऊबंदकी सोनारांनाही अपरिचित नसावी.

दोरीने बांधलेली गाय

याहून निराळी एक युक्ती आहे. लिगंड तांब्याला जोडण्याऐवजी ज्या रेणूवर काम करावयाचे आहे त्यालाच जोडावयाचा. खुंट्याला दोरीने बांधलेली गाय दोरीच्या लांबीएवढ्याच वर्तुळात चरते. त्याचप्रमाणे रेणूच्या एका भागावर बसविलेल्या लिगंडला धरून तांबे उभे राहिले की त्याचा हात ठराविक अंतरावरील बंधापर्यंतच पोहोचतो. जर्मनीतील येना येथील ब्रूनो शोनेकर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये स्टेरॉइड वर्गातील रेणूंवर हा प्रयोग केला. रेणूच्या सतराव्या कार्बनवर नायट्रोजनयुक्त ‘दोरी’ बांधली आणि तांबे व ऑक्सिजन यांच्या साह्याने बाराव्या कार्बनवर ऑक्सिजन बसविला. तो बारावा कार्बन अन्यथा कोणत्याही रसायनाच्या खिजगणतीत नव्हता. काम झाल्यावर दोरी सोडून टाकता येते. अमेरिकेतील फिल बॅरन यांच्या गटाने पुढे या रीतीत सुधारणा करून औषधी वनस्पतींत आढळणारे स्टेरॉइडसदृश पदार्थ बनविण्यासाठी तिचा वापर केला.

महाराष्ट्रात, मुंबईतील पवई येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत प्राध्यापक देबब्रत मैती यांच्या गटाने दूरच्या कार्बन-हायड्रोजन बंधांपर्यंत पोहोचविणाऱ्या अशा ‘दोऱ्यां’वर मोठे काम केले आहे, मात्र त्यातील धातू बहुतेक वेळा पॅलेडियम असतो. मैती यांना २०२२ चे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक प्राप्त झाले. येथे विशेष उल्लेखनीय बाब अशी की, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात केनेथ कार्लिन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी केलेले पूर्वीचे संशोधन तांबे आणि ऑक्सिजन यांच्या संबंधावरच होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या मालिकेतील एका कामात असे दिसून आले की, ऑक्सिजन धरून बसलेल्या तांब्याने बाहेरचा रेणू न शोधता आपल्याच लिगंडवरील कार्बन-हायड्रोजन बंधावर घाला घातला. सोबती निवडताना तो स्वतः टिकेल काय, हाही विचार करावा लागतो तो यामुळे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही, जिची स्थापना १९५० मध्ये झाली, निकेलसारख्या विपुल व स्वस्त धातूंच्या साह्याने या बंधांवरील विक्रियांचा अभ्यास झालेला आहे.

पॅलेडियम सोडून तांबेच का?

पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे धातू या कामात वाकबगार आहेत, यात शंका नाही. परंतु ते दुर्मिळ असून किमतीने सोन्याच्या पंक्तीत बसणारे आहेत. शिवाय औषधात धातूचा अंश किती राहू द्यावा, यास मर्यादा आहेत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार तोंडाने घ्यावयाच्या औषधातून दिवसाकाठी पॅलेडियम १०० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक जाऊ नये, तर तांब्याची मर्यादा ३,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे तीसपट, आहे. तांबे आपल्या शरीराला थोड्या प्रमाणात लागतेच. पॅलेडियम मुळीच लागत नाही. औषध शुद्ध करण्याचा खर्च वाचला तर त्याचा लाभ अखेरीस रुग्णाला मिळू शकतो.

मात्र यावरून मलाजखंडच्या तांब्याला नवी मोठी बाजारपेठ मिळेल, असा कोणी समज करून घेऊ नये. उत्प्रेरक म्हणून लागणारे तांबे अत्यल्प असते. विजेच्या तारांपुढे त्याची गणतीही होणार नाही. वरील विक्रियांपैकी बऱ्याच अजून प्रयोगशाळेच्या पायरीवर आहेत, आणि पुष्कळदा लिगंडची किंमतच तांब्याच्या कित्येक पट असते. या विद्येतील खरी संपत्ती खाणीत नसून सोबती ओळखण्याच्या ज्ञानात आहे. ते ज्ञान संपादन करण्यास रामपायलीच्या शाळेतील विद्यार्थ्याला आडकाठी अशी एकच : बारावीच्या पुस्तकातील ‘समन्वय संयुगे’ हे प्रकरण परीक्षेपुरते पाठ करून सोडून देण्याची सवय.

बांधीतील जीवाणू

मनुष्याने हे सारे अलीकडे शिकले. निसर्गाने ते फार पूर्वीच साध्य केले आहे, आणि तेही धानाच्या बांधीत. वैनगंगेच्या खोऱ्यातील हा धानाचा प्रदेश; बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. बांधीत पाणी साचून राहिले की चिखलात ऑक्सिजन उरत नाही आणि तेथील सूक्ष्मजीव मिथेन वायू तयार करतात. हा वायू वातावरण तापविण्यास हातभार लावतो. परंतु धानाच्या रोपातील पोकळ मार्गांनी मुळांपर्यंत थोडा ऑक्सिजन पोहोचतो, आणि त्या मुळांभोवती मिथेनवर जगणारे जीवाणू राहतात. वर येणाऱ्या मिथेनचा काही भाग ते वाटेतच खाऊन टाकतात.

मिथेनचा तो १०५ किलोकॅलरीचा चिवट बंध हे जीवाणू उन्हापावसात, साध्या तापमानाला उघडतात. त्यांच्याजवळ एक एंझाइम असते व त्याच्या गाभ्यात तांबे असते. तांब्याचे सोबती म्हणून तेथे हिस्टिडीन या अमिनो अम्लातील नायट्रोजनचे अणू उभे असतात. भोवतालची खोबण इतकी तोकडी की पाच कार्बनांपर्यंतच्या लहान साखळ्यांनाच तीत प्रवेश मिळतो; बेंझिनला तेथे थारा नाही. प्रोपेन व ब्यूटेन आत आले तर ऑक्सिजन प्रामुख्याने दुसऱ्या कार्बनवर बसतो. काही जीवाणूंजवळ तांबे कमी पडले तर लोखंडावर चालणारे दुसरे एंझाइमही असते. ते मात्र बेंझिनसह नाना प्रकारचे रेणू स्वीकारते. धातू व त्याचे शेजारी बदलताच निवड कशी सैल होते, याचे याहून बोलके उदाहरण शोधूनही सापडणार नाही. जंगलात पडलेल्या लाकडावर वाढणाऱ्या बुरशीतही तांब्याचे असेच एक एंझाइम असते. २०१० मध्ये त्याचे कार्य उजेडात आले आणि पुढच्याच वर्षी त्यातील तांबे व त्याला चिमट्यात धरणारी हिस्टिडीनची जोडी ओळखली गेली. लाकडातील साखळीच्या पहिल्या कार्बनवर घाव घालावयाचा की चौथ्या, हे त्या प्रथिनाच्या घडणीवर ठरते.

जीवाणूंना चिखलातून तांबे मिळवावे लागते. त्यासाठी त्यांपैकी काही जाती ‘मिथॅनोबॅक्टिन’ नावाचा लहानसा रेणू बाहेर सोडतात. त्याची रचना २००४ मध्ये निश्चित झाली. तोही एक लिगंडच : चिखलातील तांबे पकडून जीवाणूकडे आणणारा. येथे एक गैरसमज टाळणे आवश्यक आहे. बांधीत मोरचूद टाकल्याने हे काम वाढेल असे मुळीच नाही. तांब्याचे प्रमाण वाढले की ते मातीतील सूक्ष्मजीवांना मारक ठरते.

रसायनशास्त्रज्ञांना मिथेनच्या बाबतीत सर्वाधिक छळणारी अडचण दार उघडण्याची नसून थांबण्याची आहे. मिथेनमध्ये एक ऑक्सिजन बसला की मिथेनॉल होते. मिथेनॉलमधील कार्बन-हायड्रोजन बंध मिथेनमधल्यापेक्षा कमजोर असतात, सुमारे ९६ किलोकॅलरीचे. त्यामुळे जो उत्प्रेरक मिथेनवर चालेल तो मिथेनॉलवर त्याहून वेगाने चालेल आणि हाती आलेला पदार्थ पुढे जळून जाईल. २००५ मध्ये बेल्जियममधील ल्यूव्हेन येथील संशोधकांनी तांबे जिओलाइट या सच्छिद्र खनिजात बसविले. तेथे खनिजाच्या भिंतींतील ऑक्सिजनचे अणूच तांब्याचे सोबती होतात. मिथेनॉल तयार होते, पण ते तेथेच भिंतींना चिकटून राहते. त्यामुळे ते जळत नाही. मात्र ते बाहेर काढण्यासाठी विक्रिया थांबवून जिओलाइट धुवावे लागते आणि मग तापवून पुन्हा आरंभ करावा लागतो. बांधीतील जीवाणूला हा खटाटोप करावा लागत नाही. त्याच्या पेशीत मिथेनॉल तयार होताच दुसरे एंझाइम ते उचलते आणि त्याचा काही भाग जीवाणूच्या वाढीच्या कामी येतो.